बाबांनी सोडलेलं मटण

आमच्या घरी मटण आणायचे ते बाबा, आणि ते न खाणारेही बाबाच. रविवारी सकाळी चहा झाला की ते पिशवी आणि छत्री घेऊन घाटकोपरच्या भटवाडीतून खाली उतरत. छत्री बारा महिने त्यांच्या हातात असे. खाटकाच्या दुकानात गर्दी असली तरी ते ताटकळत उभे राहत आणि पाळी आली की टांगलेल्या बकऱ्यांकडे छत्रीच्या टोकाने दाखवत, "तो नको, त्याच्या मागचा. मांडीचं दे, थोडी चाप घाल, नळी एक. चरबी अगदी काढून टाकू नकोस." खाटीक त्यांच्याशी वाद घालत नसे. घरी आल्यावर पिशवी आईच्या हातात देऊन बाबा आंघोळीला जात. मग आमच्या दोन खोल्यांमध्ये कांदा-खोबरं भाजल्याचा वास पसरे, पाट्यावर वाटप वाटण्याचा खरखर आवाज सुरू होई आणि बाबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसत. पान मात्र उलटत नसे. थोड्या वेळाने आई आतून हाक मारी, "जरा वास घ्या ओ." बाबा उठत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहत, दोन्ही हात पाठीमागे बांधत आणि टोपावर वाकून एकदाच श्वास घेत. "मीठ कमी आहे," म्हणत. आई चिमूटभर मीठ घाली. त्यांचा अंदाज कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

जेवायला आम्ही तिघंच. आई, मी आणि बाबा. माझ्या नि आईच्या ताटात मटण-वडे, बाबांच्या ताटात वरण-भात, लिंबाची फोड आणि भाजलेला पापड. बाबा खाली मान घालून जेवत, पण त्यांचे कान माझ्या ताटाकडे असत. मी नळी ताटावर आपटली की त्यांना आवाजावरून कळे. "अजून आहे आत. नीट ओढ," ते म्हणत. मी ओढत असे आणि आतला ऐवज तोंडात आला की तो गिळायची मला लाज वाटे. कारण त्या नळीवर हक्क त्यांचा होता आणि तो माझ्यामुळे गेला होता.

ती गोष्ट आई पाहुण्यांना सांगे, म्हणून मला पाठ झाली होती. मी लहान असताना ताप डोक्यात गेला. हॉस्पिटलातली एक हिरवी भिंत सोडली तर मला त्यातलं काही आठवत नाही. डॉक्टरांनी हात टेकायच्या बेताला आईने कॉरिडॉरमध्ये उभं राहून गावच्या देवीला नवस बोलला, की पोरगा वाचला तर मटण-मासे सोडीन. स्वतःचे नव्हे, बाबांचे. "मी सोडून काय उपयोग?" आई पाहुण्यांना विचारी. "मी सोमवार पाळते, गुरुवार पाळते, शनिवार पाळते. मला तुकडा मिळाला काय, नाही मिळाला काय. देवीला काय ते कळत नाही? ज्यात जीव आहे तेच द्यायला लागतं. आणि मटणात जीव यांचा." संध्याकाळी बाबा ऑफिसातून थेट हॉस्पिटलात आले, तेव्हा तिने त्यांना झालेला व्यवहार सांगितला. बाबांनी डबा खाली ठेवला आणि विचारलं, "अंडं चालेल?" आई क्षणभर विचार करून म्हणाली, "नको." बाबा म्हणाले, "बरं." इथे पाहुणे हसत. बाबाही थोडं हसल्यासारखं करत आणि माझ्याकडे बघत नसत.

आज मी स्वतः बाप आहे, पन्नाशीला आलो आहे, आणि मला हे माहीत आहे की बापाला मुलासाठी काही सोडल्याचा हिशेब मनात ठेवायला वेळ नसतो. पण तेव्हा मी कॉलेजात होतो, भूक प्रचंड होती आणि मटणावर माझा जीव बाबांइतकाच होता. ते रक्तातच आलेलं. रविवारचं ताट समोर आलं की तोंडाला पाणी सुटे आणि त्याच क्षणी समोरच्या वरण-भाताकडे लक्ष जाई. मग मी घरी कमी जेवू लागलो. "पोट भरलं," म्हणू लागलो. आईला वाटलं, पोरीबिरीचा मामला आहे. मी मात्र ठरवलं होतं, की मटण खायचं ते बाहेर, बाबांच्या नजरेआड. आता बाहेर रस्सा खाऊन बघितला तर तो घरच्यापुढे पाणी. शिवाय हाताला वास राहतो, नखांत हळद राहते. सँडविचचं तसं नव्हतं. ते उभ्याने खाता येतं, हाड निघत नाही, कागद चुरगळून टाकला की पुरावा संपला. आणि आमच्या घरात सँडविच कधी झालं नव्हतं, त्यामुळे ते चांगलं की वाईट हे ठरवताना मध्ये बाबा येत नव्हते. असं मला वाटे.

घाटकोपरला सँडविच पावलापावलावर मिळे. काकडी, टोमॅटो, बटाटा, बीट, हिरवी चटणी, वरून शेव. पण "नॉनव्हेज?" असं विचारलं की गाडीवाला सुरी थांबवून माझ्याकडे असा बघे, की जणू मी त्याच्या बहिणीची चौकशी केली आहे. माझ्याबरोबर केतन असे. तो आमच्या मागच्या सोसायटीतला, घरचा जैन, कांदासुद्धा न खाणारा. त्याला माझ्या या भटकंतीचं भारी कुतूहल. मी खायचो, तो कोल्ड्रिंकची बाटली धरून बाजूला उभा राहायचा.

"तू कशाला येतोस रे?" मी एकदा विचारलं.

"विटनेस पाहिजे ना कोणी. उद्या तू मेला तर तुझ्या मम्मीला सांगायला."

"काय सांगशील?"

"सांगेल, मायोनीज होता. मी बोललो होतो, नको खाऊ."

त्याचा मायोनीजवर राग होता आणि तो बरोबर होता. मालाडला एका बेकरीत चिकन सँडविच मिळतं असं ऐकून आम्ही गेलो, तर दोन स्लाइसमध्ये पांढरा लगदा. चिकन कुठे आहे असं विचारलं, तर काउंटरवरचा म्हणाला, "अंदर है, मिक्स है." मी बोटाने चाळून बघितलं. मिक्स होतं ते बहुतेक कोबी. मुलुंडच्या एका हॉटेलात सँडविच आलं ते लालभडक. कालची तंदुरी कोंबडी कुसकरून, तिला पुन्हा रंग लावून पावात भरलेली. साकीनाक्याला कारखान्यांच्या गल्लीत एक जण खिमा भरून ग्रिल करून द्यायचा. त्याची चव चांगली होती, आणि तिथेच मला जास्त संशय आला. इतक्या खिम्यात दाताखाली एकही शीर कशी येत नाही? मी विचारलं, "कशाचा आहे?" तो म्हणाला, "बकरे का." मग थांबून म्हणाला, "सोया थोडा." केतन इतका हसला की कोल्ड्रिंक नाकात गेलं. तेव्हापासून मला सवय लागली. कुठलंही सँडविच हातात आलं की आधी वरचा पाव उचलायचा, आत बघायचं, वास घ्यायचा आणि मगच खायचं. आजही मी तसंच करतो. मोबाइलवर मागवलेल्या सँडविचच्या डब्यावर मांसाहाराची तांबडी खूण छापलेली असते, पण खूण बघून माझं समाधान होत नाही. माझी मुलगी म्हणते, "बाबा, लोकांसमोर तरी नको ना."

खरं सँडविच मला मिळालं ते अंधेरीला. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की जुनं गावठाण आहे, उतरत्या कौलांची दोनचार घरं, नाक्यावर झेंडूचा हार घातलेला क्रूस. तिथल्या एका घराच्या पुढच्या खिडकीतून फिलू आंटी सामान विकायची. व्हिनेगरमधला कांदा, लोणची, आणि दुपारी संपेपर्यंत मटण रोस्टचं सँडविच. त्या दिवशी केतन नव्हता. मी पाव उचलला. आत गार झालेल्या मटणाचे पातळ काप होते, एकावर एक नीट रचलेले. प्रत्येक कापाला कडेने चरबीची बारीक रेघ. पावाच्या आतल्या बाजूला मोहरी लावलेली आणि रोस्टचा रस इतका मुरलेला, की पाव तपकिरी झाला होता. मी वास घेतला. मिरी, लवंग, व्हिनेगर आणि मटण. दुसरं काही नाही. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मी पहिला घास घेतला आणि खरं सांगतो, मला घरच्या नळीची आठवण झाली.

आंटी खिडकीतून माझ्याकडे बघत होती. "काय रे, एवढा काय चेक करतो? मेलेला उंदीर घातलाय मी?"

"नाही आंटी, सवय आहे."

"सवय! एक अंकल येतात, ते पण डिट्टो असेच. पहिला पाव उचलणार, मग नाक घालणार, मग बोलणार, बाई, आज मीठ जास्त पडलं. अजून तोंडात नाय घातला, तरी बोलणार! आणि बरोबर असतं ना त्यांचं, म्हणून राग येतो मला."

माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. "कोण अंकल?"

"मला काय ठाऊक. इथेच कुठे ऑफिस आहे. दर शुक्रवारी लंच टायमाला येतात. छत्री घेऊन. पाऊस नाय, ऊन नाय, तरी छत्री."

बाबांचं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर होतं. मला विचारायचं होतं, की आंटी, ते खातात का? प्रश्न जिभेवर होता. पण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि मला बरंच वाटलं. उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

त्यानंतरचे दिवस मी बाबांवर पाळत ठेवण्यात घालवले. ते ऑफिसातून आले की मी त्यांच्या हातातून पिशवी घ्यायचो. एरवी मी पाण्याचा ग्लाससुद्धा उचलत नसे, त्यामुळे आई चकित होऊन बघे. शुक्रवारी त्यांचा शर्ट खुंटीला लागला की जवळून जाताना वास घ्यायचो. घामाचा वास, ऑफिसच्या फायलींचा वास, आणि खाली कुठेतरी मोहरी? की ते माझ्याच डोक्यात होतं? जेवताना विचारायचो, "बाबा, दुपारी काय खाल्लंत?" ते म्हणायचे, "डबा." "सगळा?" "हे काय, आता तू मला विचारणार?" रविवारी ते खाटकाकडून आले, टोपावर वाकले, मीठ बरोबर आहे म्हणाले, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे एखाद्या चोराकडे बघावं तसा बघत राहिलो.

मला नक्की काय हवं होतं, ते तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. बाबा खात असतील तर मी सुटलो होतो. माझ्या ताटातल्या मटणावरची त्यांची सावली गेली होती. पण ते खात असतील तर नवस मोडला होता, आणि तो माझ्या जिवावर बोललेला होता. मी सायन्सचा विद्यार्थी. तापाचे जंतू असतात आणि औषधाने मरतात, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. तरी अंथरुणात पडलो की मनगटावर बोट ठेवून नाडी बघायचो.

आणि मला कावीळ झाली. डोळे पिवळे पडले, अन्नाचा वास नको झाला. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेर काही खाल्लंस का?" मी गाड्या, बेकऱ्या, चटण्या, बर्फ सगळं सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. "यातून एकच झालं हे नशीब," ते म्हणाले. आई शेजारीच बसली होती, बाबा दाराशी उभे होते. तिने सगळं ऐकलं, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती बाबांकडे बघत होती.

घरी आल्यावर मला बाहेरच्या खोलीत निजवून तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं. आमच्या घरातलं लोटलेलं दार म्हणजे नुसता पडदा. राग आला की आई सरळ मालवणीवर येई.

"माका खरा काय ता सांगा. तोंडाक कायतरी लावल्यात काय?"

"काय लावणार?"

"दर शुक्रवारी तुमच्या रुमालाक मोहरीचो वास येता. कापडा मी धुतंय, तुमी नाय."

बाबांनी माठातून पाणी घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "ऑफिसात कोण कोण काय काय आणतं."

"मटण खाल्ल्यात?"

"नाही."

"देवीसमोर असाच सांगशात?"

मी पडल्या पडल्या ओरडलो, "आई, मी बाहेरचं खाल्लं म्हणून झालं हे! डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"तू गप पडून रव. बापाशीची बाजू घेव नको."

म्हणजे तिलाही वास आला होता. म्हणजे माझ्या डोक्यातलं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी आईने जाहीर केलं, की मी उठून हिंडूफिरू लागलो की ती गावी जाणार आणि देवीला कौल लावणार. आमच्याकडे देवळात गुरव देवीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न मोठ्याने विचारतो, आणि ज्या बाजूची पाकळी आधी पडेल ते उत्तर. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हे एकांतात होत नाही. सगळी भावकी समोर मांडी घालून बसलेली असते. म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ, त्यांच्या बायका, सुना, सगळ्यांसमोर गुरव विचारणार, की या बाईच्या नवऱ्याने नवसाचं मटण खाल्लं का? बाबा देवीला भीत होते की नाही, मला माहीत नाही. भावकीला नक्की भीत होते. मुंबईतला सरळ माणूस म्हणून गावात त्यांचा एकच मान होता, आणि पाकळी काही सरळ माणसं बघून पडत नाही.

माझ्या आजारपणात घरी मटण आलंच नाही. मला तेल, तिखट बंद. वरण-भात, लिंबू, भाजलेला पापड. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं ताट आणि बाबांचं ताट एकसारखं दिसत होतं. आम्ही दोघं समोरासमोर बसून गुपचूप भात कालवायचो. बाबांचं जेवण कमी झालं होतं. एकदा पापड मोडताना ते म्हणाले, "याला कंटाळा येतो ना?" मी म्हणालो, "हो." ते म्हणाले, "पहिली दोन वर्षं येतो."

डॉक्टरांनी सगळं खायला परवानगी दिली, आईची बॅग पलंगाखालून बाहेर आली, गावच्या गाडीचं तिकीट निघालं. तेव्हा बाबांनी एका शुक्रवारी रजा टाकली आणि मला म्हणाले, "चल, जरा अंधेरीला जाऊन येऊ."

"ह्याका कशाक?" आई.

"हवा लागेल."

"अंधेरीची?"

बाबा चपला घालत होते, त्यांनी वर बघितलं नाही. बसमध्ये असल्फा गेलं, साकीनाका गेलं, ते खिडकीबाहेर बघत राहिले. छत्रीची मूठ मात्र सारखी या हातातून त्या हातात जात होती. आपण कुठे जातोय हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

फिलू आंटीने आम्हांला दोघांना एकदम बघितलं आणि कपाळावर हात मारला. "हा तुमचा पोरगा? तरीच!"

"हा येतो इथे?" बाबांनी मला नव्हे, तिला विचारलं.

"येतो? पाव उचलून असा बघतो, जसा काय पोलीस."

बाबा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पकडला गेलेला माणूस दुसऱ्या पकडल्या गेलेल्याकडे बघतो, तसं काहीतरी होतं. आंटीने न सांगता एक सँडविच कागदात घालून दिलं. आम्ही क्रुसाशेजारच्या बाकावर बसलो. बाबांनी वरचा पाव उचलला, वास घेतला. "आज बरोबर आहे," खिडकीकडे बघून म्हणाले. मग त्यांनी खिशातून कागदाचा तुकडा काढला आणि बोट लागू न देता मटणाचे काप एकेक करून उचलले, बाजूला ठेवले. आंटीचा म्हातारा कुत्रा बाकाखाली येऊन थांबलाच होता. त्याला हे नवीन नव्हतं. काप कुत्र्याने खाल्ले. बाबांनी दोन्ही पाव पुन्हा एकावर एक ठेवले, रस मुरलेली बाजू आत, आणि डोळे मिटून हळूहळू खाल्ले. मी आयुष्यात कुणाला पाव इतक्या सावकाश खाताना बघितलेलं नाही.

"आधी मी नुसता इथून जायचो," कागदाची घडी करत ते म्हणाले. "खिडकीशी जरा थांबायचो, वास यायचा. मग वाटलं, बाई म्हणेल, हा माणूस रोज उभा राहतो आणि घेत काही नाही. म्हणून घ्यायला लागलो. घेतलं म्हणून टाकवेना."

"मटण कधीच नाही खाल्लंत?"

"कधीच नाही."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. पण लगेच दुसरा संशय आला. तो तपकिरी पाव मी स्वतः खाल्ला होता. त्यात काय होतं ते मला माहीत होतं. आणि बाबांनाही माहीत होतं, कारण ते म्हणाले, "पण नुसता पाव नाही रे तो. मी काय स्वतःला फसवणार. म्हणून तुला आणलं. नवस तुझ्या नावाचा आहे. तू सांग, मोडला की नाही?"

माझा बाप मला विचारत होता. मला पटकन "नाही" म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं असतं तर ते सुटले असते, निदान त्या बाकावरून उठेपर्यंत. पण मी एवढे दिवस त्यांच्या शर्टाचा वास घेतला होता, आणि आता एका शब्दात न्यायाधीश होऊन बसणं मला जमेना. मी म्हणालो, "मला नाही ठरवता येत. पण गावात सगळ्यांसमोर नको विचारायला."

"मग कुणाला विचारायचं?"

"जिने बोलला तिला."

बाबा म्हणाले, "वेडा झालास काय?" पण मी उठून आंटीकडून आणखी एक सँडविच बांधून घेतलं तेव्हा त्यांनी अडवलं नाही. परतीच्या बसमध्ये ते पुडकं माझ्या मांडीवर होतं आणि आजूबाजूच्या लोकांच्या नाकपुड्या हलत होत्या.

आई कपड्यांच्या घड्या घालून बॅगेत भरत होती. बाबांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, पुडकं तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं आणि स्वतः समोर बसून सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. आईने मध्ये हात दाखवून थांबवलं ते फक्त उलटतपासणीसाठी.

"रस लागलेला पाव?"

"हो."

"बोटं चाटलीत?"

बाबांनी विचार केला. "एकदा."

"आणि मटणाचं काय करता?"

"कुत्र्याला घालतो."

इथे मात्र ती उसळली. "चांगला मटण कुत्र्याक? दर शुक्रवारी? आणि हो माजो झील रस्त्यावरची घाण खाऊन कावीळ करून घेता?" बाबांनी आणि मी दोघांनीही मान खाली घातली.

तिने पुडकं सोडलं. आत जाऊन दोन ताटल्या आणल्या. वरचा पाव उचलला, काप बोटांनी काढले आणि एका ताटलीत ठेवून ताटली माझ्यापुढे सरकवली. दोन्ही पाव दुसऱ्या ताटलीत. पण ती बाबांपुढे सरकवायच्या आधी तिने एक पाव उचलून ट्यूबलाइटखाली धरला, सुईत दोरा ओवताना धरावा तसा. मोहरीत मटणाचा एक बारीक धागा चिकटून राहिला होता. तिने तो नखाने सोडवला.

"तेवढा टाकून दे," बाबा म्हणाले.

आईने बोटाच्या टोकावरच्या धाग्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. गावचं तिकीट बॅगेवरच पडलं होतं. तिने तो धागा तोंडात टाकला आणि एवढ्याशा गोष्टीसाठी बराच वेळ चावत राहिली. मग ताटली बाबांपुढे सरकवली.

"बघता काय दोघं? जेवा. पाव सुकतोय."